पुस्तकाचे पान आणि पत्त्याचे पान

बंगळूर शहरातून दक्षिणेकडे निघालेली होसूरची सडक जेथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात शिरते, तेथे १९७८ साली कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने ३३२ एकर जमिनीवर एक औद्योगिक वसाहत आखली, आणि महामंडळाचे तत्कालीन प्रमुख रामकृष्ण बाळिगा यांनी तिच्यापुढे अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीचा आदर्श ठेवला. पुढे १९९१ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेचे बंगळूर केंद्र येथे आले, त्याच्या उपग्रह-दुव्यांवरून येथले अभियंते परदेशी गिऱ्हाइकांच्या संगणकांशी जोडले गेले, आणि १९८१ मध्ये पुण्यात जन्मून १९८३ मध्ये बंगळुरास बिऱ्हाड हलवलेली इन्फोसिस नव्वदीच्या दशकात याच वसाहतीत स्थिरावली. इलेक्ट्रॉनिक सिटी हे नाव सांगली-कोल्हापूर-बेळगावकडच्या मराठी घरांत ओळखीचे झाले ते या काळात; कारण त्या घरांतली मुले शिक्षण आटोपून रात्रीच्या गाडीने तिकडे रवाना होऊ लागली होती.

सन २००० च्या पावसाळ्यात राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेहून निघून मीही त्या वसाहतीत दाखल झालो, तो मोबाईल फोनवर चालणाऱ्या इंटरनेट-सेवा रचण्याची विद्या शिकण्यासाठी. ती विद्या आता लोप पावली आहे; तिचे नियम आज कोणी पाठ करीत नाही आणि तिच्यासाठी घडवलेली यंत्रे वस्तुसंग्रहालयात शोभतील इतकी जुनी झाली आहेत. तथापि अडचणीच्या जागेत काम करताना माणसाला काय सांगावे, किती सांगावे आणि कोणत्या क्रमाने सांगावे, याविषयी तिने जी शिस्त लावली, ती मला आजही उपयुक्त वाटते.

त्या काळचा फोन ही काय वस्तू होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भारतात पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीस तेव्हाचे केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी केले. त्यानंतर पाच-सहा वर्षे लोटली, तरी मार्च २००१ च्या अखेरीस साऱ्या देशातले मोबाईलधारक पस्तीस लाखांच्या आसपासच होते. येणाऱ्या फोनचेही पैसे मोजावे लागत, आणि ही वहिवाट २००३ पर्यंत चालू राहिली. इंटरनेट पाहण्याची सोय असलेला नोकिया ७११० हा फोन १९९९ च्या अखेरीस जगाच्या बाजारात आला. त्याचा पडदा रुंदीला ९६ आणि उंचीला ६५ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६२४० ठिपक्यांचा होता, आणि प्रत्येक ठिपका काळा तरी असे नाहीतर कोरा. त्याच वेळी आमच्या मेजावरच्या संगणकाच्या पडद्यावर ८०० गुणिले ६०० या हिशेबाने ४,८०,००० रंगीत ठिपके असत. थोडक्यात, संगणकाच्या पडद्यात ज्याचे सत्तराहून अधिक तुकडे सहज बसतील, अशा एका तुकड्यावर आम्हांला संसार मांडायचा होता.

पडद्याइतकीच वाटही अरुंद होती. फोनवरून इंटरनेट गाठायचे म्हणजे तेव्हा साधा फोन लावण्यासारखाच फोन लावावा लागे. जोडणी जुळण्यातच अर्धा मिनिट खर्ची पडे, आणि मिनिटामिनिटाला आकार चढत राही. जोडणी जुळल्यावर सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे अवघे १२०० बाइट, या वेगाने मजकूर येई. साठ किलोबाइटचे संगणकासाठी केलेले एखादे पान त्या वाटेने आणायला पन्नास सेकंद लागले असते, आणि आल्यावर ते ठेवायला फोनमध्ये जागा नसती. ज्यांनी तारेचा जमाना पाहिला आहे, त्यांना ही स्थिती परकी वाटणार नाही. शब्दागणिक पैसे मोजावे लागत असल्यामुळे तार लिहिणारा मनुष्य प्रत्येक शब्द तोलून पाही आणि अनावश्यक तो खोडून टाकी. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी राखलेल्या बोटभर जागेत मुंबईचा गिरणी कामगार कोकणातल्या घरची सगळी विचारपूस बसवी. तोच तोलूनमापून लिहिण्याचा गुण आता अभियंत्याने अंगी बाणवायचा होता.

या अरुंद वाटेसाठी नियमांची जी संहिता तयार झाली, तिचे नाव वायरलेस ॲप्लिकेशन प्रोटोकॉल, संक्षेपाने वॅप. एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि कॅलिफोर्नियातली अनवायर्ड प्लॅनेट ही लहान कंपनी यांनी १९९७ च्या जूनमध्ये एकत्र येऊन वॅप फोरम स्थापन केला आणि १९९८ मध्ये संहितेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. यांतील अनवायर्ड प्लॅनेटने त्याआधीच हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी एक मांडणी-भाषा घडवली होती. तिच्यातली मूळ कल्पना वॅपच्या डब्ल्यूएमएल या भाषेत उतरली. ती कल्पना अशी की, लहान पडद्यावर दस्तऐवजाचे एकक ‘पेज’ नसावे, ‘कार्ड’ असावे. आणि अशी अनेक कार्डे एकत्र बांधून त्यांचा ‘डेक’ एकाच खेपेत फोनकडे रवाना करावा.

इंग्रजीत पेज आणि कार्ड हे दोन निराळे शब्द आहेत. मराठीने मात्र दोहोंना ‘पान’ हे एकच नाव दिले आहे. पुस्तकाचे ते पान आणि पत्त्यांच्या कॅटातले तेही पान. परंतु या दोन पानांचा स्वभाव किती भिन्न! पुस्तकाचे पान उघडले की त्यावरचे सारे एकदम डोळ्यांपुढे पसरते. वाचकाने त्यात आपल्या मर्जीप्रमाणे वर-खाली हिंडावे, हवे ते वेचावे, नको ते सोडावे. पत्त्याच्या पानाचे तसे नाही. ते एका वेळी एकच टाकले जाते, त्याला एकच अर्थ असतो, आणि ते पाहून समोरच्याने काहीतरी उतारी केल्यावाचून पुढचे पान पडत नाही. संगणकासाठी लिहिणारा मनुष्य पुस्तकाची पाने लिहितो, आणि वॅपसाठी लिहिणाऱ्याला पत्त्याची पाने टाकायला शिकावे लागते, हा भेद ज्याला उमगला त्याचे निम्मे शिक्षण तेथेच पुरे झाले.

डेक एका खेपेत येत असल्यामुळे त्यातल्या एका पानावरून दुसऱ्यावर जाताना नव्याने पैसे पडत नसत आणि वाट पाहावी लागत नसे. पण नोकियाच्या त्या फोनात सुमारे १४०० बाइटांहून मोठा डेक मावत नसे. पडदाभर चित्र द्यावे म्हटले, तर एका ओळीचे १२ बाइट याप्रमाणे ६५ ओळींचे ७८० बाइट त्या एका चित्राने गिळले असते, म्हणजे निम्म्याहून अधिक शिधा शोभेत संपला असता. म्हणून कंपनीच्या बोधचिन्हासाठी आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवणे, हाही आमच्या शिक्षणाचा भाग होता.

या व्यवस्थेतले सर्वांत मनोवेधक पात्र म्हणजे गेटवे. फोन आणि इंटरनेट यांच्या सरहद्दीवर मोबाईल कंपनीच्या दफ्तरात बसलेला हा एक दुभाषी होता. इंटरनेटवरच्या सर्व्हरला फोनची भाषा येत नसे आणि फोनला सर्व्हरचा पाल्हाळ परवडत नसे. तेव्हा फोनकडून आलेली संक्षिप्त मागणी गेटवे विस्तारून सर्व्हरकडे पाठवी, आणि सर्व्हरकडून डब्ल्यूएमएलमध्ये लिहिलेला डेक आला की त्यातल्या प्रत्येक लांबलचक खुणेच्या जागी एका बाइटाचा संकेत घालून त्याचा आकार घटवी व मगच तो हवेत सोडी. ज्याप्रमाणे जुन्या दफ्तरातला मुरब्बी चिटणीस मायन्याच्या ठरीव ओळी दोन अक्षरांच्या संक्षेपात लिही आणि वाचणाराही तो संक्षेप उलगडून घेई, त्याचप्रमाणे ही योजना होती. फिनलंडमधल्या वॅपिट या कंपनीने १९९९ मध्ये कॅनेल नावाचा गेटवे मुक्त स्वरूपात उपलब्ध केला, त्यामुळे असा दुभाषी स्वतःच्या संगणकावर बसवून त्याचे काम आतून न्याहाळण्याची संधी विद्यार्थ्यांनाही लाभली. खुद्द बंगळुरातही जटायू सॉफ्टवेअर या कंपनीने वॅपचे ब्राउझर आणि गेटवे तयार करून दाखवले.

परंतु दुभाषी आला की विश्वासाचा प्रश्न आलाच. फोनपासून गेटवेपर्यंतचा मजकूर एका कुलपात बंद असे आणि गेटवेपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंतचा दुसऱ्या. एक कुलूप काढून दुसरे घालण्याच्या मधल्या क्षणी तो मजकूर गेटवेच्या स्मृतीत उघडा पडे. सुरक्षेच्या जाणकारांनी याला वॅपमधली फट म्हटले. बँकांनी स्वतःचा गेटवे स्वतःच्या ताब्यात ठेवावा, असा तोडगा काही काळ निघाला. फोनपासून सर्व्हरपर्यंत एकच कुलूप राहील अशी सोय पुढे वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीने केली, पण तोवर २००२ साल उजाडले होते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळतो. आम्ही संगणकावर फोनचे सोंग आणणाऱ्या सिम्युलेटरवर सराव करीत असू. खरे फोन सगळ्या वर्गात मिळून दोनच होते आणि ते कपाटातून घेताना नोंदवहीत वेळ लिहून सही करावी लागे. डब्ल्यूएमएल ही एक्सएमएलच्या कडक घराण्यातली भाषा असल्यामुळे एखादी खूण उघडून बंद करायची राहिली, किंवा लहान अक्षराऐवजी मोठे पडले, तर संगणकाचा ब्राउझर जसा सांभाळून घेई तसे येथे कोणी सांभाळून घेत नसे. सबंध डेक नामंजूर होई. सर्व्हरला या नव्या दस्तऐवजाची जात आगाऊ कळवली नसेल, तर मजकूर निर्दोष असूनही फोन तो स्वीकारत नसे, आणि हे कारण शोधण्यात नवशिक्याचे दिवसच्या दिवस जात. मागे फिरण्याची कळसुद्धा लेखकानेच द्यायची असे. ती द्यायला तो विसरला, तर वाचक पुढच्या पानावर अडकून पडे. भरीस भर म्हणजे एकच पान नोकियाच्या फोनवर एका रीतीने उमटे आणि दुसऱ्या ब्राउझरच्या फोनवर दुसऱ्या रीतीने, त्यामुळे सिम्युलेटरवर सुरेख दिसले म्हणून काम फत्ते झाले, असे मानता येत नसे.

अभ्यासासाठी प्रत्येकाने एक सेवा निवडायची होती. मी माझ्या घरच्या वाटेची, बंगळूर ते मिरज या रेल्वेमार्गाच्या वेळापत्रकाची निवड केली. पहिल्या प्रयत्नात मी सगळ्या स्थानकांचा सगळा तपशील एका डेकमध्ये कोंबला. तो मर्यादेबाहेर गेला आणि फोनने तो उघडलाच नाही. दुसऱ्या प्रयत्नात मी दोन रिकाम्या चौकटी दिल्या, कोठून आणि कोठवर, आणि प्रवाशाने नावे लिहावीत अशी अपेक्षा केली. आमच्या शिक्षिका धारवाडच्या होत्या. माझ्याशी त्या आवर्जून मराठीत बोलत. त्यांनी फोन माझ्या डाव्या हातात दिला, उजव्या हातात माझीच पुस्तकांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, “आता तुम्ही फलाटावर उभे आहात. लिहा बरे, बंगळूर.” अंकांच्या कळांवरच अक्षरे असल्यामुळे एका अक्षरासाठी तीच कळ एकदा, दोनदा, चारदा दाबावी लागे, इंग्रजीत बंगळूर लिहायला माझ्या अंगठ्याला अठरा वेळा आणि सांगली लिहायला चौदा वेळा कळ दाबावी लागली, आणि तेवढ्यात दोनदा चूक होऊन पुन्हा आरंभ करावा लागला. “एवढ्या वेळात तुमची गाडी सुटली,” त्या शांतपणे म्हणाल्या, “या माणसाला काय हवे आहे ते तुम्ही त्याला विचारलेच नाही.”

तिसरा मसुदा मी कागदावर केला. वहीच्या पानाच्या चतकोर तुकड्यांवर एकेक प्रश्न लिहून ते तुकडे टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. फलाटावरचा प्रवासी बहुतेक वेळा पुढची गाडी विचारतो, म्हणून पहिल्या पानावर पुढची गाडीच दिली. दिशा दोनच, म्हणून दोन ओळी. स्थानके लिहायची नव्हती, निवडायची होती; तीही आधी मोठी, मग हवी असल्यास लहान. तारीख विचारताना ‘आज’ आणि ‘उद्या’ हे दोनच पर्याय पुढे ठेवले, आणि ज्याला तिसरा दिवस हवा असेल त्याच्यासाठी केवळ अंकच घेणारी एक चौकट मागे राखून ठेवली, जेणेकरून तेथे अक्षरांची कसरतच पडू नये. चुकीचा अंक फोनमध्येच तपासून परतवण्यासाठी डब्ल्यूएमएलस्क्रिप्ट या जोडभाषेतल्या चार ओळी लिहिल्या, म्हणजे चूक सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचे भाडे प्रवाशाला पडणार नव्हते. हा डेक मर्यादेत बसला. तो पिशवी सांभाळीत एका अंगठ्याने चालवता आला, तेव्हा शिक्षिकांनी वहीवर शेरा न लिहिता नुसती सही केली, आणि ती सही मला फार मोलाची वाटली.

जगात वॅपचे पुढे काय झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. ‘खिशातले इंटरनेट’ अशी ग्वाही देऊन कंपन्यांनी ते विकले, आणि घेणाऱ्याने संगणकावरचे पुस्तकाचे पान मनात धरून फोन उघडला, तेव्हा त्याला अर्ध्या मिनिटाची प्रतीक्षा, चार ओळींचा पडदा आणि महिनाअखेरीस वाढलेले बिल मिळाले. हा दोष पडद्याच्या लहानपणाचा नव्हता, हे जपानच्या उदाहरणाने सिद्ध केले. तेथे एनटीटी डोकोमो या कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी आय-मोड ही सेवा सुरू केली. तिचे पडदेही लहान होते आणि वेगही ९६०० बिटांचाच होता. परंतु फोन लावण्याची गरज नव्हती, आकार वेळेवर न ठरता आलेल्या मजकुरावर ठरे, पाने नेहमीच्या एचटीएमएलच्या सुटसुटीत रूपात लिहिता येत, आणि सेवा देणाऱ्याचे पैसे फोनच्या बिलातून वसूल करून कंपनी स्वतःकडे अवघे नऊ टक्के ठेवी. लेखकाला मोबदला आणि वाचकाला हिशेब, दोन्ही स्पष्ट असल्यामुळे दीड वर्षात तिचे सदस्य एक कोटीवर गेले. यंत्राची मर्यादा दोन्हीकडे सारखीच असताना व्यवहाराची नीती जेथे नेटकी, तेथे विद्या फळाला आली.

भारतात वॅपचा वेल फारसा चढला नाही. पण त्याच अरुंद वाटेवर दुसरी रोपे जोमाने वाढली, आणि त्यांतले एक इलेक्ट्रॉनिक सिटीशीच निगडित आहे. सन २००० मध्ये इन्फोसिसच्या आश्रयाखाली आकाराला आलेल्या आणि अरविंद राव व मौली रमण यांनी उभ्या केलेल्या ऑनमोबाईल या कंपनीने पडद्याच्या भानगडीत न पडता आवाज आणि लघुसंदेश यांवर भर दिला. फोन करणाऱ्याच्या कानी ठरावीक घंटेऐवजी गाणे पडावे, ही सेवा तिने मोबाईल कंपन्यांच्या यंत्रणेत बसवून दिली; त्यासाठी नवा फोन लागत नव्हता, वाचता येण्याचीही अट नव्हती. पुढे तिचे कार्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या वीरसंद्र गावच्या हद्दीत आले आणि २००८ मध्ये तिचे भाग बाजारात विकले गेले. दुसरे रोप जावा या संगणकभाषेचे; सप्टेंबर २००० मध्ये तिची मोबाईलसाठीची लहान आवृत्ती ठरली, आणि आमच्यापैकी अनेकांनी डब्ल्यूएमएलची वही मिटवून तिचा अभ्यास धरला. परंतु ३२ किलोबाइट कार्यस्मृतीत काम भागवण्याची तिची अट पाहून आम्ही दचकलो नाही, कारण आम्ही १४०० बाइटांच्या शाळेतून आलो होतो.

मराठी माणसाला या कथेतली एक अडचण विशेष जाणवावी. लघुसंदेशाचे पाकीट १४० बाइटांचे. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसत असल्याने त्यात १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागत असल्याने ७० चिन्हांतच पाकीट भरते. त्यातही काना, वेलांटी आणि हलन्त यांची गणती स्वतंत्र होते. ‘चन्नम्मा’ हे उच्चारात तीन अक्षरांचे नाव तेथे आठ चिन्हांची जागा अडवते. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याला जी वाट अरुंद होती, ती मराठी लिहिणाऱ्याला निम्म्याहूनही अरुंद. आणि म्हणून मराठीत सेवा रचणाऱ्याला शब्दनिवडीत दुप्पट दक्षता घ्यावी लागे. ‘कृपया आपला पर्याय निवडा’ याऐवजी नुसते ‘निवडा’ पुरते, आणि ते उद्धट वाटत नाही, हे आमच्या भाषेचे सामर्थ्य मला त्या काळी कळले.

आज पडदे मोठे झाले, वाट रुंद झाली, आणि पाने पुन्हा पुस्तकासारखी पसरली. तरी साधे फोन देशातून गेलेले नाहीत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची *९९# ही सेवा २०१४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिच्यात इंटरनेटवाचून, मराठीसह अनेक भाषांत, बँकेतली शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात. तिचा एकेक निरोप १८२ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनांसाठीच यूपीआय १२३पे ही योजना जाहीर केली. या सेवा रचणाऱ्यांना वॅपचे नाव ठाऊक असो वा नसो, त्यांच्यापुढचा प्रश्न तोच आहे: एका वेळी एकच गोष्ट विचारायची असेल, तर पहिली कोणती विचारावी?

काही वर्षांपूर्वी मिरजेच्या फलाटावर माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांच्या एका हातात धान्याची पिशवी होती आणि दुसऱ्या हातातल्या कळांच्या फोनवर ते अंगठ्याने एकेक अंक दाबीत होते. पडद्यावर प्रश्न उमटे, ते वाचीत, अंक दाबीत, पुढचा प्रश्न येई. चौथ्या प्रश्नाला शिल्लक आली, ती त्यांनी ओठांतल्या ओठांत दोनदा वाचली, फोन खिशात टाकला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. गाडी अजून आलेली नव्हती.